कोनासाठे?

जळगाव, १७ फेब्रुवारी १९९२

निंबाभाऊ,

आधी भांडण, खुशाली मग. मला या संगणक खोलीत बसवलंत आणि स्वतः धुळ्याच्या सूतगिरणीत निघून गेलात, त्याला पाच आठवडे झाले. मामेबहिणीचं भलं करायचं म्हणून नोकरी लावून दिलीत की सूड उगवलात, तेच कळेनासं झालंय.

खोलीत मशीनसाठी एवढा गारवा की मी दिवसभर स्वेटर घालून बसते. बोदवडच्या पॅसेंजरमध्ये बायका हातातला स्वेटर बघतात आणि विचारतात, ‘काय वं पोरी, ताप उना का?’ खोलीत दुसरं माणूस नाही. सकाळी धनसिंग शिपाई कुलूप उघडतो, संध्याकाळी लावतो, मधल्या आठ तासांत माझ्याशी बोलायला कोणी नसतं.

आता कामाचं. संस्थेच्या त्रेसष्ट शाळांचे वार्षिक निकाल एप्रिलअखेर छापायचेत. प्रत्येक शाळेची गुण लिहायची तऱ्हा निराळी. जामनेरची शाळा आडनाव आधी लिहिते, साक्रीची शाळा नाव आधी लिहिते, एक शाळा तर हजेरी क्रमांकच देत नाही. म्हणजे मशीनला हुकूम देणाऱ्या त्रेसष्ट वेगळ्या स्क्रिप्ट. दरवेळी नवी फाईल उघडा, पहिली ओळ तीच, मग कोणी केली, कधी केली, कोणत्या शाळेसाठी, पत्ता काय, आणि मग खरं काम. सगळं झाल्यावर फाईलला चालायची परवानगी द्यायची. ती मी हटकून विसरते. मशीन म्हणतं, परवानगी नाही. काल सात वेळा म्हणालं. मला रडू आलं हो. निकाल वेळेत निघाले नाहीत तर मला कायम करणार नाहीत. काहीतरी युक्ती सांगा.

दुसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. परवा एका लग्नात वहिनींचे भाऊ रुपचंददादा भेटले. आईला म्हणाले, ‘झुंबरबाई, इंदिरा दोन वर्षांपासून माहेरी बसली आहे. निंबाने आखाजीपर्यंत स्वतः येऊन तिला विचारावं. नाही आला तर बैठक बसवतो आणि फारकत करून टाकतो.’ यंदा अक्षय्य तृतीया पाच मेला आहे. वहिनी काय म्हणतात असं आईने विचारलं, तर म्हणाले, ती काहीच म्हणत नाही.

तुमची,
प्रमिला

———

धुळे, २३ फेब्रुवारी १९९२

प्रमिला,

रडू नकोस. परवानगी सगळेच विसरतात, मीही वर्षभर विसरत होतो. मग कंटाळून एक गोष्ट केली, ती तुला दाखवायची राहिली. चूक माझीच.

तिथल्या मशीनवर माझ्या फायलींचा कप्पा आहे, त्या डिरेक्टरीत ‘नवी’ नावाचा प्रोग्राम आहे. तो तुझ्याकडे उतरवून घे. नुसतं ‘नवी’ टाइप कर आणि एंटर दाब. ती तीन प्रश्न विचारेल. नाव काय? कोनासाठे? काय काम शे? अहिराणीत आहेत, हसायचं नाही. मशीनला देवनागरी येत नाही म्हणून अक्षरं इंग्रजी, पण बोली आपली. तू उत्तरं दिलीस की पहिली ओळ, तारीख, करणाऱ्याचं नाव ती स्वतःच घालते, फाईलला परवानगी देते आणि लिहायला उघडून तुझ्यापुढे ठेवते. त्या नावाची फाईल आधीच असेल तर म्हणते, ‘हाई नाव शे, दुसरं दे.’ नाहीतर जुनीवर नवी बसते आणि दोन दिवसांचं काम पुसलं जातं. हे मी भोगून शिकलोय.

एक ध्यानात ठेव. कोणताही प्रश्न रिकामा सोडलास तर ती पुढे जात नाही, तोच प्रश्न पुन्हा विचारते. पूर्वी ‘कोनासाठे’ला लोक नुसता एंटर मारायचे. मग कागद छापून तयार, आणि तो कुठे धाडायचा कोणालाच ठाऊक नाही. म्हणून तिथे पूर्ण नाव, पूर्ण पत्ता लिहायचा.

इथे गिरणीत एकच साधं मशीन आहे. त्यावर ‘नवी’ चालत नाही. खोली स्टेशनच्या बाजूला घेतली आहे. खानावळीत भिकुबाई वाढतात, त्या ‘भाजी?’ एवढंच विचारतात, मी मान हलवतो.

रुपचंददादांचा निरोप कळला. इंदिरेच्या माहेराजवळची साक्री इथून दीड-दोन तासांवर आहे, म्हणूनच तर धुळ्याची नोकरी घेतली. येत्या रविवारी जाऊन येतो.

निंबा

———

जळगाव, ९ मार्च १९९२

निंबाभाऊ,

‘नवी’ची दृष्ट काढायला हवी! एका दिवसात वीस शाळा झाल्या. पहिल्यांदा पडद्यावर ‘काय काम शे?’ आलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. धनसिंग पळत आला, मशीन बिघडलं की पोरगी, असं त्याला वाटलं असणार. दिवसभरात मला कोणीतरी काही विचारतंय, तेही घरच्या बोलीत, याचं किती बरं वाटतं ते तुम्हाला कसं सांगू? निघताना मी ‘येस मी’ म्हणून मशीनचा निरोप घेते हल्ली. वेड लागलंय मला.

आता पुढचं ऐका. तीन प्रश्नसुद्धा त्रेसष्ट वेळा का झेलायचे? शाळांची नावं, पत्ते, काम अशी एक यादी केली आणि ‘नवी’ला सांगितलं, मला विचारू नकोस, यादीतली ओळ वाच आणि फाईल कर, मग पुढची ओळ. चहा पिऊन आले तर उरलेल्या त्रेचाळीस शाळांच्या फायली तयार! डोक्यावर नाव-पत्ता, चालायच्या परवानगीसकट. आत खरं काम तेवढं माझं उरलं. शिष्य कसा आहे सांगा.

एक विचारायचं आहे. डिस्क भरत आलीय. तुमच्या डिरेक्टरीत एक्केचाळीस फायली दिसल्या. सगळ्या ‘नवी’ने केलेल्या, पण मशीनकडून ओळी मोजून घेतल्या तर डोक्याखाली एक ओळ नाही. पोटात काहीच नसलेल्या फायली कशाला ठेवायच्या? पुसू का?

आणि रविवारी गेला होतात ना? वहिनी काय म्हणाल्या? आई रोज विचारते. मलाही झोपेपर्यंत तेच डोक्यात असतं.

प्रमिला

———

धुळे, १६ मार्च १९९२

प्रमिला,

यादीवरून फायली करायची कल्पना मला सुचायला हवी होती. शाबास. फक्त सांभाळ. अशा प्रोग्रामला जे सांगशील तेच तो करतो, आणि सांगशील त्या सगळ्यांवर करतो. त्याला थांबून विचार करता येत नाही. विचारणारी ‘नवी’ हळू होती, पण तिच्यापुढे माणूस बसलेला असायचा.

त्या एक्केचाळीस फायली पुसू नकोस. चाचणीच्या आहेत. मी जळगावला आलो की बघेन. तू उघडूही नकोस, त्यात बघण्यासारखं काही नाही.

रविवारी गिरणीत काम निघालं. जाणं झालं नाही. पुढच्या पंधरवड्यात नक्की.

निंबा

———

जळगाव, २ एप्रिल १९९२

निंबाभाऊ,

आज मी भारी खुशीत आहे. मोठ्या साहेबांनी खोलीत येऊन पाठ थोपटली. तुम्ही असतात तर तुम्हालाही थोपटली असती.

झालं असं. प्रत्येक शाळेला कळवायचं होतं की तुमच्यासाठी अमुक काम अशा तऱ्हेने होणार आहे, गुण याच नमुन्यात धाडा. कारकुनांनी हाताने लिहिलं असतं तर आठवडा गेला असता. मी ‘नवी’ने एक स्क्रिप्ट केली. ती डिस्कवरची ‘नवी’ने केलेली प्रत्येक फाईल हुडकते, डोक्यावरचं ‘कोनासाठे’ घेऊन पत्त्याची चिठ्ठी छापते, आणि ‘काय काम शे’चा कागद छापून त्याच पत्त्याखाली लावते. तुमच्या वेळची एखादी शाळा सुटू नये म्हणून तुमची डिरेक्टरीही घेतली. प्रिंटर दुपारभर करकरत होता. धनसिंगने चिठ्ठ्या चिकटवल्या, संस्थेच्या छापील पाकिटांत कागद भरले आणि काल सगळा गठ्ठा पोस्टात टाकून आला.

शाळा त्रेसष्ट, पाकिटं मात्र चौसष्ट झाली. एक तर चांगलं जाडजूड होतं. धनसिंग म्हणाला, साक्रीकडच्या एका शाळेची लई कामं शेतस. एखादी जुनी शाळा असेल तुमच्या वेळची.

प्रमिला

———

धुळे, ६ एप्रिल १९९२

प्रमिला,

पत्र मिळताक्षणी मोठ्या पोस्टात जा. ते जाडजूड पाकीट परत मिळेल का बघ. ती शाळा नाही. ते इंदिरेच्या नावाचं आहे.

तुझ्यावर रागावलो नाही. खोटं मी बोललो. त्या चाचणीच्या फायली नव्हत्या.

तुला माहीत आहे, अडीच वर्षांपूर्वी जळगावच्या दवाखान्यात आमची मुलगी मेलेलीच जन्माला आली. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. घरी आलो की इंदिरा माझ्याकडे बघायची, आणि मी विचारायचो, जेवलीस का? त्यापलीकडे माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिला वाटलं याला काही वाटतच नाही. चार महिन्यांनी ती माहेरी गेली. मी थांबवलं नाही.

मग ‘नवी’ केली. दुपारी डबा खायला सगळे व्हरांड्यात एकत्र बसायचे, बायकोबद्दल विचारतील म्हणून मी खोलीतच राहायचो. एका दुपारी उगाच ‘नवी’ चालवली. कोनासाठे? ती रिकामं घेत नाही, मीच तशी केलेली. मी इंदिरेचं नाव टाकलं, गावाचा पूर्ण पत्ता टाकला. काय काम शे? मी लिहिलं, ‘आज मनासंगे कोनी बोलनं नई.’ खरंच दिवसभर माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. फाईल उघडली, खाली काही न लिहिता बंद केली. त्यानंतर आठवड्या-पंधरा दिवसांनी एकदा असं करत गेलो. मनातलं सगळं त्या एका ओळीत लिहायचो. ओळ कितीही लांबली तरी मशीन चालवून घेतं. धाडायचं म्हणून कधीच लिहिलं नाही.

आणि ऐक. त्या रविवारी गिरणीत काहीच काम नव्हतं. मी साक्रीच्या स्टँडपर्यंत गेलो होतो. तिच्या गावाची गाडी समोर उभी होती. मी दोन कप चहा घेतला आणि परतीच्या गाडीत बसलो. मला भीती वाटते, प्रमिला. तिने विचारलं की आत्ता का आलात, तर मी काय सांगू?

काहीही कर, पण पाकीट थांबव.

निंबा

———

जळगाव, १० एप्रिल १९९२

निंबाभाऊ,

पोस्टात दोनदा जाऊन आले. पोस्टमास्तर म्हणाले, पोरी, ते पाकीट एव्हाना साक्रीच्या पुढे गेलं असेल.

माझं चुकलं. चौसष्टावं पाकीट हातात घेऊन पत्ता वाचायला किती वेळ लागला असता? पाठ थोपटून घ्यायची घाई झाली होती मला. आता त्या स्क्रिप्टमध्ये बदल केलाय. छापण्याआधी सगळी नावं पडद्यावर दाखवते आणि ‘धाडू का?’ असं विचारून थांबते.

तुमच्या फायलींतली एकही ओळ मी वाचलेली नाही, आईची शपथ. तो तुमचा आणि वहिनींचा मामला आहे. पण एक बोलते, लहान तोंडी मोठा घास म्हणा हवं तर. मशीनला एक्केचाळीस वेळा सांगितलंत, तर बायकोला एकदा सांगायला काय झालं? मी इथे तीन महिने एकटी बसले तर वेडी व्हायची वेळ आली. वहिनी तिकडे दोन वर्षं गप्प बसल्या आहेत. तुमच्या भीतीचं मला वाईट वाटतं आणि रागही येतो. जा ना हो! स्टँडवर चहा पिऊन परत येऊ नका.

प्रमिला

———

धुळे, २२ एप्रिल १९९२

प्रमिला,

काल रुपचंददादांचं कार्ड आलं. जसंच्या तसं उतरवतो. ‘आपली फारकतीची नोटीस पोचली. बैठक झाली. इंदिराची ना नाही. आखाजी झाल्यावर दुसऱ्या दिवशी कागद घेऊन धुळ्यास येतो, सहीस तयार राहावे.’

मी तासभर ते कार्ड हातात घेऊन बसलो. कसली नोटीस? मी कधी नोटीस धाडली? मग उजेड पडला. संस्थेचं छापील लांब पाकीट, कडेला भोकं असलेला मशीनचा कागद, इंग्रजी अक्षरं. तिकडच्या खेड्यात असा कागद कोर्टातून नाहीतर वकिलाकडूनच येतो. अहिराणी होती गं ती! तिच्याच बोलीत लिहिलं होतं. पण इंग्रजी अक्षरांत अहिराणी असेल हे कोणाच्या डोक्यात येणार?

पंधरा दिवस मी वाट बघत होतो. गिरणीतून आलो की आधी दाराच्या फटीत बघायचो. वाटायचं, वाचून ती दोन ओळी लिहील. आणि तिने काय वाचलं, तर मी तिला टाकली.

आता जाऊन तरी काय सांगायचं? ‘ना नाही’ म्हणाली आहे. माझ्यासारख्याबरोबर परत येऊन तिने कोणतं सुख बघायचं? मी सही करीन. त्या फायली पुसून टाक. डिस्क मोकळी होईल तुझी.

निंबा

———

जळगाव, २६ एप्रिल १९९२

निंबाभाऊ,

पुसणार नाही. टेपवर उतरवून कपाटात ठेवल्या आहेत, किल्ली माझ्याकडे.

वहिनी फारकतीला ‘ना नाही’ म्हणाल्या ते ती नोटीस समजून. तुमच्या बोलण्याला नाही म्हणाल्या का? तुमचं बोलणं अजून त्यांच्या कानावर गेलंच नाही. नऊ दिवस राहिलेत. मी हात जोडते.

निकाल छापून झाले. त्रेसष्टही शाळांत वेळेत पोचतील. मला कायम केलं. तुम्हाला सांगितल्याशिवाय ते खरंच वाटत नव्हतं.

प्रमिला

———

२९ एप्रिल १९९२

तुम्हास नमस्कार.

मी इंदिरा. सातवीनंतर पत्र लिहायची वेळ आली नाही, चुका असतील. पत्ता दादाच्या कार्डावरून उतरवून ठेवला होता. दादाला हे पत्र माहीत नाही.

पाकीट आलं ते दादाने फोडलं. त्याला वाटलं नोटीस उनी. बैठकीत तो गठ्ठा अभिमन गुरुजींपुढे ठेवला. गुरुजींनी चष्मा लावून पाहिलं, एक ओळ पुटपुटले आणि म्हणाले, ही कायद्याची इंग्रजी आहे, आपल्याला नाही कळायची. बठ्ठा पंच एकसाथ हो म्हणाले. मला विचारलं. मी म्हटलं, त्यास्ले नको तर माले बी नको. उठून आत आले आणि भाकरी टाकल्या. मला रडूसुद्धा आलं नाही.

गठ्ठा कोनाड्यात पडला होता. दुसऱ्या दिवशी झाडताना खाली पडला. मला इंग्रजीत माझं नाव तेवढं वाचता येतं. प्रत्येक कागदावर वरच माझं नाव. मला वाटलं, नोटिशीत बाईचं नाव एक्केचाळीस वेळा कशाला घालतात? मग ए, बी, सी आठवत आठवत एकेक अक्षर लावत बसले. पहिला शब्द ए, ए, जे. वावरात जाता-येता ‘एएजे, एएजे’ म्हणत होते. संध्याकाळी चूल पेटवताना तोंडातून एकदम ‘आज’ निघालं. आज मनासंगे कोनी बोलनं नई. ती एक ओळ लावायला मला तीन दिवस लागले. मग सरावले. कोणाला विचारलं नाही. कालपर्यंत सव्वीस कागद झाले.

तुम्ही वांगी घेतली नाहीत ते वाचलं. माझी साडी दांडीवरून काढली नाही ते वाचलं. साक्रीच्या गाडीची वेळ तुम्ही कोणाला विचारली होती तेही वाचलं. वाचताना राग येत होता. इतकं बोलता येत होतं तर चार महिने समोर बसून ‘जेवलीस का’ एवढंच का विचारत होतात? तुम्हाला काही दुःखच नाही असं समजून मी दोन वर्षं जळत राहिले.

सव्विसावा कागद काल लावला. त्यावर एकच ओळ आहे. ‘तिनं नाक तुनागत व्हतं.’

मी ती चार वेळा लावून पाहिली. तिचं नाक, माझ्यासारखं. मला वाटलं, अक्षरं चुकली.

मला ती कोणी दाखवली नाही. माझी शुद्ध आली तेव्हा नेलेली होती. बाया म्हणाल्या, पाहू नको, विसर. मला वाटत होतं तिला नीट कोणी पाहिलंच नाही. दोन वर्षं मी तिचा चेहरा मनाने करते, रोज वेगळा होतो, एकही टिकत नाही. आणि तुम्ही पाहिली होती. तुम्हाला ठाऊक होता.

उरलेले पंधरा कागद मी लावणार नाही. त्यात तिचं काही असेल तर मला ते अक्षर अक्षर करून वाचायचं नाही.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दादा कागद घेऊन निघेल. तुम्ही त्याच्या आधी या. नांदायला येशील का, हे मला विचारू नका, मला माहीत नाही. सही करायची की नाही ते आपण मागून बघू. तिला केस होते का? डोळे मिटलेले होते का? तुम्ही तिला हातात घेतलं होतं का? लिहू नका. माझ्यासमोर बसा आणि तोंडाने सांगा.

इंदिरा